चार चाकांची सवत

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, लगेच चुकचुकू नका. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. माझं लाकूड शिसवाचं आहे, मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली आहे आणि मुठीखाली लाखेच्या रंगातली अकरा फुलं आहेत. पूर्वी बारा होती. बाराव्याचं काय झालं ते पुढे येईलच, आणि ते सांगताना मला खाली बघावं लागेल.

सध्या मी जर्मनीत एका दाराआडच्या कोपऱ्यात उभी आहे. माझ्या शेजारी ती उभी आहे. ती कोण, तेही पुढे येईल. तिचं नाव घेण्याआधी मला थोडा दम घ्यावा लागतो.

माझा जन्म सावंतवाडीचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला तासलं, घासलं आणि फुंकर घालत घालत एकेक फूल रंगवलं. बाकीच्या काठ्या त्याने दिवसाला दोन अशा हातावेगळ्या केल्या, माझ्यावर मात्र तो एकवीस दिवस बसला होता. कुणी म्हणेल, चारच दिवस. म्हणू दे. तेव्हा तिथे तुम्ही नव्हता, मी होते.

मला विकत घेतलं वासुदेवरावांनी. ते कणकवलीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे, आणि तोंडातून निघालेला शब्द त्याहून वेळेवर, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते सावंतवाडीला आले आणि मला घेऊन गेले. तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माझी गरज नव्हती. गरज होती ती रुबाबाला.

काय दिवस होते ते. मी आंबे पाडले, कुत्री हाकलली, ग्रामसभेत टेबलावर आपटून तीन ठराव मंजूर करून घेतले. एकदा तर आम्ही दोघांनी बिबट्या पळवला. नंतर लोक म्हणाले, तो बोका होता. असेल. पण पिवळा होता, फणसाच्या फांदीवर होता, आणि खात्री करायला आमच्याशिवाय कोण थांबलं होतं? गावात म्हणत, आधी टकटक येते आणि तिच्या मागून वासुदेवराव येतात. हे ऐकलं की माझी बाराही फुलं जास्त लाल दिसत.

अशी अठरा वर्षं गेली. मग गेल्या वर्षी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. मी त्या वेळी न्हाणीघराच्या बाहेर होते, एवढं माझ्या बाजूने लक्षात ठेवा. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. पाऊल टाकण्याआधी ते जमिनीकडे बघू लागले. अंगणापर्यंत जायचं तरी मला इतकं घट्ट धरत की माझ्या मुठीला घाम येई.

त्यांचा मुलगा शिरीष र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. सून अरुंधती पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. दोघांनी वासुदेवरावांना आणि त्यांच्या पत्नीला, मनोरमाबाईंना, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. विमानतळावर मला यंत्रातून आरपार पाहिलं. तिथला पोलीस माझ्या आतली रचना बघून थक्क झाला असावा, कारण त्याने मला दोनदा पाहिलं.

मुलाच्या घरापासून दहा मिनिटांवर एक श्लोसपार्क होता. म्हणजे कुण्या जुन्या बॅरन सरदाराचा वाडा आणि त्याभोवतीची अफाट बाग. बॅरन गेला, बाग सगळ्यांची झाली. वाड्यात आता शनिवारी लग्नं लागतात. आत शिरलं की लिंडनच्या झाडांची लांबच लांब दुहेरी रांग, मग तळं, तळ्यावर वाट अडवून बसणारे उर्मट बदक-हंस, आणि तळ्यापलीकडे एक टेकडी. टेकडीवर आठ खांबांचं पांढरं देऊळ.

"ते कुणाचं देऊळ?" वासुदेवरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुणाचंच नाही, बाबा," अरुंधती म्हणाली. "बॅरनने शोभेसाठी बांधलं होतं. वर बसून कॉफी प्यायचा म्हणे."

"देऊळ शोभेसाठी कुणी बांधतं का? वर जाऊन बघायला हवं."

असं म्हणाले आणि पहिल्याच बाकावर बसले. पुढे पाऊल उचलेना. टेकडीकडे मात्र बघत राहिले. त्यानंतर रोज तेच होऊ लागलं. बाकापर्यंत जायचं, देवळाकडे बघायचं, परत यायचं. पुढे जायची भीती आणि मागे फिरायची लाज, दोन्हींचा भार माझ्यावर.

त्याच वाटेवर, बाकाच्या थोडं अलीकडे, एक लिंडन होतं. त्याच्या खालच्या फांदीला कुणीकुणी वस्तू अडकवल्या होत्या. एक तान्ह्या बाळाची टोपी, एक इवलासा लाल हातमोजा, एक रबरी चोखणी, फितीत ओवलेली किल्ली. वासुदेवराव थबकले.

"मनोरमे, बघ. नवसाचं झाड."

मनोरमाबाईंनी निरखून पाहिलं. "बाळाची टोपी आहे म्हणजे मूल झालं असणार. किल्ली म्हणजे घर मिळालं. इथे घर मिळणं फार कठीण, अरुंधती म्हणत होती."

दोघांनी चप्पल बाजूला काढून हात जोडले. अरुंधती दिवसभर कामावर, शिरीष कारखान्यात. त्यांना काही सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मीही नव्हे. मला तरी काय ठाऊक होतं?

आणि मग ती आली.

आमच्या समोरच्या घरात फ्राऊ ब्राण्ट नावाच्या बाई राहतात. सडपातळ, ताठ, रोज सकाळी बरोबर दहाला पार्कात जाणाऱ्या. त्यांच्या मुलीने त्यांना एक रोलाटोर आणून दिला होता. चार चाकं, दोन ब्रेक, बसायला गादी, समोर टोपली. धरून ढकलत चालायचं, दमलं की त्यावरच बसायचं. फ्राऊ ब्राण्टनी तो केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. अरुंधतीने तो मागून आणला.

"आल्झो, बाबा, नुसतं ट्राय करून बघा." इथे "तर मग"ला आल्झो म्हणतात.

वासुदेवरावांनी त्या वस्तूभोवती एक फेरी मारली. "हा तर पांगुळगाडा."

"मग?" मनोरमाबाई म्हणाल्या. "पांगुळगाड्यावाचून चालायला शिकलंय का कोण? पाय बसले की पोर आपणच सोडतं."

"त्या बाई स्वतः का वापरत नाहीत?"

अरुंधतीला हसू आवरेना. "त्या म्हणतात, हा म्हाताऱ्या लोकांसाठी असतो, मी एक्याऐंशीचीच आहे."

मनोरमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही शहात्तरचे. अहो, धरा मुकाट्याने."

मित्रांनो, तुम्ही आवडत्या राणीची आणि नावडत्या राणीची गोष्ट ऐकली असेल. मी ती जगले. अठरा वर्षं आवडती होते, एका दुपारी नावडती झाले. बरं, नुसतं घरी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण त्या रोलाटोरला एका बाजूला काठी अडकवायचा एक चिमटा होता. मला त्या चिमट्यात खोचलं. सवतीच्या कडेवर बसून सासरी जायची पाळी माझ्याशिवाय कुणावर आली असेल तर तिने मला कळवावं.

ती गुळगुळीत रस्त्यावरून तोऱ्यात चालायची. डावं चाक जरासं कुंईकुंई करायचं, आणि वासुदेवरावांना तेही आवडायचं. "कणकवली-मालवण गाडीचा असाच आवाज यायचा," म्हणायचे. माझ्या टकटकीबद्दल असं कधी बोलले नव्हते. पहिल्या दिवशी ते बाकाच्या पुढे दहा पावलं गेले, दुसऱ्या दिवशी तीस. मनोरमाबाई म्हणाल्या, "गुणाची आहे हो ही." त्यांनी तिची गादी पुसली, टोपलीत पाण्याची बाटली ठेवली. माझ्या बुडाला वाळूचा खडा रुतला होता, तो आठ दिवस तसाच. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, माझा तर खडासुद्धा कुणाला टोचेना.

दहाव्या दिवशी मी ते केलं.

आता तुम्ही विचाराल, काठी आपणहून कशी सरकते? मनात आणलं की सगळं सरकतं. तळ्याकाठच्या उतारावर एका खड्ड्यात गाडी हलली, आणि मी चिमट्यातून अंग चोरून थेट तिच्या कुंईकुंई करणाऱ्या चाकात पाय घातला. माझा हेतू एवढाच होता की ती सगळ्यांसमोर तोंडावर आपटावी. तिला धरून कोण चालतंय, हे त्या क्षणी मी विसरले. मत्सर आंधळा असतो म्हणतात. माझा तर बहिराही होता, कारण मनोरमाबाईंची "अहो" ही हाक मला नंतर ऐकू आली.

चाक अडलं. वासुदेवराव पुढे कलले. त्यांची बोटं ब्रेकवर आवळली, आणि ती गाडी जागच्या जागी रुतून उभी राहिली. तसूभरही हलली नाही. ते तिच्यावरच तोल सावरून मटकन बसले. मी चाकात अडकलेली. माझं बारावं फूल खरवडून निघालं होतं.

म्हणजे पाडायला मी निघाले आणि सावरलं तिने. उपकारही तिचेच झाले.

त्यानंतर चार दिवस वासुदेवराव घराबाहेर पडले नाहीत. खिडकीपाशी बसून राहिले. तिला धरलं नाही, मला धरलं नाही. आम्ही दोघी सवती एकाच भिंतीला टेकून उभ्या होतो. ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मनोरमाबाईंनी त्यांच्यासमोर बूट आणून ठेवले. "उठा. झाडापर्यंत जाऊ या."

"आणि मग?"

"गाऱ्हाणं घाला. मुलूख परका असला तरी जागेचा राखणदार असतोच की."

तर त्या सकाळी, बॅरनच्या बागेत, लिंडनच्या झाडाखाली, कोकणातलं गाऱ्हाणं झालं. खिशातला राजगिऱ्याचा लाडू मुळाशी ठेवला. एका हातात मला धरून वासुदेवरावांनी डोळे मिटले, आणि इतर वेळी शुद्ध बोलणारा माणूस आपल्या आईच्या बोलीत शिरला.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," मनोरमाबाई.

"मी कणकवलीचो वासुदेव आज तुझ्या झाडाखाली उभो आसय. मुलूख तुझो, भास तुझी, माका काय एक येणा नाय. तरी माझा गाऱ्हाणा ऐकान घे."

"होय म्हाराजा."

"हो माझो पाय अडलेलो आसा तो सोडव. त्या टेकडीवरच्या देवळात माका पोचव. ह्या पांगुळगाड्याशिवाय, कोणाच्या हाताशिवाय. तसा झाला तर ही माझी काठी तुका वाहीन, आणि मोकळ्या हातान माझ्या घराक जाईन."

"होय म्हाराजा," मनोरमाबाई म्हणाल्या. मी मात्र नाही म्हटलं.

इतक्यात झाडावरून एक लाल खार उतरली आणि तिने लाडू पळवला. "पोचलं," मनोरमाबाई म्हणाल्या.

झालं. माझ्याच करणीने माझा निकाल लागला. आता हिशेब बघा. वासुदेवराव टेकडी चढले, तर मी झाडाला लटकणार. नाही चढले, तर जन्मभर त्या चार चाकांचे होणार. कणकवलीलाही तशीच एक आणतील आणि मला तिच्या चिमट्यात खोचतील. मी दोन्हीकडून गेलेच होते.

पाच आठवडे ते रोज चालले. सपाटीवर तिला धरून, थोड्या थोड्या चढावर मला टेकून. तळ्याला अर्धी फेरी, मग पूर्ण फेरी. बदक-हंसांनी त्यांना ओळखून वाट द्यायला सुरुवात केली. फ्राऊ ब्राण्ट वाटेत भेटायच्या. त्या प्रत्येक बाकावर बसून पक्षी बघायच्या, पण मला दिसत होतं, पक्षी नसला तरी त्या बसायच्याच. बसताना एक हात गुडघ्यावर असायचा.

शेवटी तो गुरुवार आला. सोमवारचं परतीचं विमान होतं. टेकडीच्या पायथ्याशी मनोरमाबाई रोलाटोरच्या गादीवर बसल्या. नवसात कुणाचा हात चालणार नव्हता.

"सावकाश हो," त्या म्हणाल्या. "गाडी सुटत नाहीये."

एक्केचाळीस पायऱ्या. मोजायचं काम माझंच असतं, म्हणून आकडा पक्का. दगडी, झिजलेल्या, कठडा नाही, कडेला शेवाळ. पायऱ्या असल्यामुळे माझी सवत खालीच. इतक्या दिवसांनी आम्ही दोघंच होतो, वासुदेवराव आणि मी. दहा पायऱ्या झाल्या, वीस झाल्या. सव्विसाव्या पायरीवर ते थांबले. त्यांनी खाली पाहिलं, आणि न्हाणीघरात पडल्यानंतरची ती जुनी भीती मला मुठीत कळली.

शेवाळ माझ्या बुडाशीच होतं. मी जरासं सरकले असते, पडण्याइतकं नव्हे, दचकण्याइतकं, तर ते मागे फिरले असते. नवस फिटला नसता. मी त्यांच्याबरोबर विमानात बसले असते.

मित्रांनो, इथे मी म्हणायला हवं की मला त्यांची दया आली, माझं मन मोठं झालं. तसं सांगितलं तर तुम्ही मला शाबासकी द्याल. पण मी खाली बघितलं, तर ती पायथ्याशी चकचकत उभी होती, मनोरमाबाईंना मांडीवर घेऊन. माझ्या मनात आलं, हिच्या ताब्यात देण्यापेक्षा झाडाला टांगून घेतलेलं बरं. आणि मी दगडाच्या खाचेत बूड असं रोवलं, असं रोवलं, की बॅरनचा अख्खा वाडा माझ्यावर टेकवला असता तरी मी हलले नसते.

सत्तावीस. अठ्ठावीस. मग ते थांबलेच नाहीत.

वर देव नव्हता. आठ खांब, एक कागदी पेला आणि एका कोनाड्यात कबुतराचं घरटं. वासुदेवरावांनी तरी प्रदक्षिणा घातली. मग खांबाला टेकून सगळी बाग डोळे भरून पाहिली. त्यांचा अंगठा माझ्या मुठीखाली फिरत होता. तो खरवडलेल्या जागेवर येऊन थांबला.

"त्या दिवशी उगाच चाकात गेलीस," ते हळूच म्हणाले. "तुला मी टाकली नव्हती गं."

त्यांना ठाऊक होतं. पाच आठवडे ठाऊक होतं, आणि तरी रोज चढावर मलाच हातात घेत होते.

खाली उतरल्यावर मनोरमाबाईंनी पिशवीतून कुंकू काढून माझ्या चोचीला लावलं. वासुदेवरावांनी मला लिंडनच्या फांदीला अडकवलं, बाळाच्या टोपीशेजारी. दोघांनी नमस्कार केला आणि निघाले. ते पुढे, मोकळ्या हाताने, थोडे डोलत. मागून मनोरमाबाई रोलाटोर ढकलत. ती माझ्यासमोरून कुंईकुंई करत गेली. अठरा वर्षांत मी त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती. काठीला मालकाची पाठ दिसत नाही.

आता गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फ्राऊ ब्राण्ट त्या वाटेने आल्या. मला ओळखलं. फांदीवरून काढलं, कुंकू रुमालाने पुसलं आणि मला टेकत टेकत घरी घेऊन आल्या. त्या येताना वासुदेवरावांनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"अहो, वाहिलेली वस्तू परत आली," मनोरमाबाई पुटपुटल्या. "काही चुकलं का आपलं?"

वासुदेवराव "नाइन, नाइन", म्हणजे नाही नाही, म्हणत आकाशाकडे बोट दाखवत होते. फ्राऊ ब्राण्टना वाटलं, हे संकोचाने बोलतायत. त्यांनी मला वासुदेवरावांच्या हातात कोंबलं आणि गेल्या. संध्याकाळी वासुदेवराव पुन्हा पार्कात गेले आणि मला पुन्हा टांगून आले. या वेळी दोन लाडू ठेवले.

शनिवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर पुन्हा दारावरची घंटा वाजली. या वेळी अरुंधती घरी होती. फ्राऊ ब्राण्ट तिच्याशी बराच वेळ गंभीरपणे बोलल्या.

"बाबा," अरुंधती आत येऊन म्हणाली, "त्या म्हणतायत, तुम्ही दोन दिवसांत दोनदा काठी विसरलात. डॉक्टरांना दाखवा म्हणतायत. तुम्ही झाडाला का अडकवली होती?"

वासुदेवरावांनी नवस सांगितला. टोपी, हातमोजा, चोखणी, किल्ली, सगळं सांगितलं. अरुंधती खुर्चीत बसली.

"अहो बाबा, ते नवसाचं झाड नाही. इथे रस्त्यात कुणाची वस्तू पडलेली सापडली, की लोक ती जवळच्या फांदीला अडकवून ठेवतात. ज्याची असेल तो शोधत आला की त्याला दिसावी म्हणून."

मग मनोरमाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी हरवलेल्या मोज्याला गाऱ्हाणं घातलंत."

"आणि होय म्हाराजा कोण म्हणत होतं?" वासुदेवराव म्हणाले. मग जरा थांबून, "पण चढलो की नाही?"

मला काय वाटलं म्हणून सांगू. नवस खोटा, झाड खोटं, म्हणजे मी सुटले. सोमवारी विमानात मी, आणि ती केलरमध्ये, भिंतीकडे तोंड करून. मी इतकी खूश होते की माझ्या फुलांना नव्या कळ्या आल्या असत्या.

पण वासुदेवराव दाराकडे बघत होते. दारात फ्राऊ ब्राण्ट अजून उभ्या होत्या, मला टेकून. त्यांचा हात माझ्या चोचीवर असा बसला होता जसा तिथेच घडवला असावा.

"अरुंधती, त्यांना विचार. पार्कापासून इथवर येताना वाटेत किती बाक लागतात?"

विचारलं. फ्राऊ ब्राण्ट म्हणाल्या, चार.

"आज किती बाकांवर पक्षी बघितले?"

फ्राऊ ब्राण्टनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, एकावरही नाही.

"मी शब्द दिला होता, ही काठी वाहीन म्हणून," वासुदेवराव म्हणाले. "झाडाने ती दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा ह्यांच्याच हातात दिली. राखणदार मला काय सांगतोय ते मला कळतं. ज्याची आहे तो शोधत येतो, तूच म्हणालीस ना?"

अरुंधतीने सांगितलं तशा फ्राऊ ब्राण्ट अधिकच ताठ झाल्या. काठी म्हाताऱ्या माणसांसाठी असते, त्या म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, मी ही घेतली तेव्हा माझे दोन्ही गुडघे धड होते. ही रुबाबासाठी असते."

फ्राऊ ब्राण्टनी बोळातल्या आरशात स्वतःला एकदा समोरून आणि एकदा बाजूने पाहिलं. मग मला जमिनीवर एकदा टकदिशी आपटलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर.

सोमवारी वासुदेवराव मोकळ्या हाताने विमानाला गेले. मला फ्राऊ ब्राण्टच्या दाराआड जागा मिळाली. आणि ती? तीही फ्राऊ ब्राण्टचीच ना. तिची रवानगी पुन्हा केलरमध्ये झाली. पहिले काही आठवडे मी परमसुखात होते. पुन्हा आवडती. शेजारीपाजारी विचारायचे, एवढी सुंदर काठी कुठली? मी हवेत चालायचे.

पण पानगळ आली. पार्कातल्या वाटा ओल्या पानांनी झाकल्या, आणि फ्राऊ ब्राण्टचा भार दिवसेंदिवस माझ्यावर वाढत गेला. मी एकटी पुरी पडत नव्हते. हे कुणाजवळ बोलायची सोय नाही. एका सकाळी त्या माझ्यासकट गुडघ्यांवर आल्या. लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने केलरचं दार उघडलं. धुळीने माखलेली ती बाहेर आली. कुंईकुंई आवाज झाला, आणि मला हायसं वाटलं. तिच्या बाजूने मी बोललेलं हे एकच वाक्य आहे, ते पुन्हा पुन्हा वाचू नका.

आता सपाटीवर ती, टेकडीवर मी. बाकीचा वेळ तिच्या चिमट्यात. मी चाकात पाय घालत नाही.

कधी कधी फोनवर वासुदेवराव दिसतात. अरुंधती तो समोरच्या घरातून आणते आणि आमच्यापुढे धरते. ते आधी विचारतात, काठी कशी आहे. मग विचारतात, पांगुळगाडा कसा आहे. आधी मी, मग ती, हे मी मुद्दाम सांगते. मागच्या वेळी मनोरमाबाई म्हणाल्या, हल्ली हे छत्री घेऊन फिरायला जातात, पाऊस नसला तरी. छत्री. काळी, कापडाची, बटण दाबलं की उडणारी. मला तीन दिवस झोप नव्हती.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या कोपऱ्यात कुणी ना कुणी टेकून उभं असेल. काठी असेल, छत्री असेल, आजोबांची खुर्ची असेल. नवी वस्तू जरूर आणा, पण जुनीच्या बुडाला रुतलेला खडा तेवढा काढून टाका. तिला हाताचा स्पर्श लागतो, बाकी काही लागत नाही. आम्ही वस्तू मत्सरी असतो, कारण आम्हाला एकच माणूस असतो.

आणि कधी र्युसेल्सहाइमच्या बाजूला आलात, तर आमच्या दारात जरूर या. येताना थोडं तेल आणा. हिचं डावं चाक फार कुरकुरतं हो, ऐकवत नाही. दोन थेंब त्या चाकाला घाला.

पण त्याआधी माझी मूठ पुसा.